पार्टनरची सुट्टी

बल्लारपूर, मंगळवार, दिवेलागण

मन थाऱ्यावर नाई. माझा भाऊ सलीमभाई कंपनीची पार्सलं वाटता वाटता गाडीवरून पडला, पाय मोडला. कंपनी म्हणते, तो आमचा कामगार नाई, पार्टनर आहे, स्वतःचा मालक. इलाजही त्यानंच करावा. उद्या लेबर ऑफिसात सुनावणी आहे, अन् भाईकडून मले बोलायचं आहे.

पुरावा म्हणून दाखवायले कंपनीनं दिलेला लाल टी-शर्ट तरी होता. पण सुपरवायझर तो परत न्यायले आला, तर अम्मीनं धुऊन, इस्त्री करून, वर चहा पाजून दिला. "परायी चीज मैली कैसी लौटाते?" मी लिहिते त्या गोष्टीत असता तर मी तो लपवला असता. लाल टी-शर्ट डोळ्यासमोरून हटूनच नाई राह्यला.

आत्ता पलंगावरून भाईचा आवाज आला. फोन सुपरवायझरलेच लावला होता.

"सर, उद्या पण येणं नाई जमणार. सुट्टी द्या ना. माझी कामाची आयडी बंद नका करू."

मी ओरडले, "काऊन भाई, तू तर मालक आहेस ना? मालक कोणाले सुट्टी मागते?"

तो हसला.

टी-शर्ट गेला तर गेला. उद्या सुनावणीत हेच विचारते.