दगडासारखा पडलो होतो

प्रिय मावशी,

तुझ्या भटक्या भाच्याचा वाकून नमस्कार (सध्या कमरेतूनच वाकता येतं, कारण पुढे येईल). तुझ्या पत्राचं उत्तर तीन महिने उद्यावर ढकलत आलो, हे कबूल. ब्लडप्रेशर कसं आहे? वाढलं असेल तर हे बसून वाच.

हल्ली मी दोरीला लटकून उंच इमारतींच्या काचा पुसतो (पगार बरा, वारा फुकट). गेल्या आठवड्यात बावीस मजले सुखरूप उतरलो आणि खाली आल्यावर माझ्याच बादलीत पाय अडकून गुडघा पिरगळला. डॉक्टरांनी एमआरआयला पाठवलं. तिथल्या बाईंनी मला नळकांड्यात सरकवलं आणि दम भरला, "अर्धा तास हलायचं नाही. फोटो बिघडतो." मावशी, मी आणि अर्धा तास! (शाळेत बाकावर किती वेळ टिकायचो, तुला ठाऊकच आहे.) त्यात मशिन असं ठोकत होतं, की पायाने आपोआप ताल धरला. बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, "हलला नाहीत ना?" बाकावर ताटकळलेली माणसं माझ्याकडेच बघत होती. म्हटलं, "छे, दगडासारखा पडलो होतो."

रिपोर्ट आला: गुडघ्यातली गादी फाटली. डॉक्टरांनी पाय वाकवला, पिळला, दाबला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "माझा हात म्हणतो शाबूत आहे, फोटो म्हणतो फाटलीय. मशिन सहसा चुकत नाही. पण तुम्ही नीट स्थिर होतात ना?" इथे तरी खरं बोलावं की नाही? पण एकदा दगड झालेला माणूस परत माणूस कसा होणार? म्हटलं, "होय."

सोमवारी आठ वाजता ऑपरेशन. गादी खरंच फाटली असेल तर ठीक. नसेल, तर माझ्या तालापायी चांगला गुडघा कापला जाणार, आणि पुन्हा दोरीवर कधी चढेन कोण जाणे. दोन दिवस झोप नाही. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
लंगडा

ता. क. खरं काम हे: डॉक्टरांना तूच फोन कर. म्हणावं, हा मुलगा पाळण्यातसुद्धा स्थिर नव्हता, फोटो पुन्हा काढा. मी सांगितलं असं मात्र सांगू नकोस.

ता. ता. क. फोन राहू दे. दारात जाड चष्म्याचे एक गृहस्थ आलेत, बगलेत माझ्या गुडघ्याचे फोटो. हे फोटो वाचणारे डॉक्टर, पेशंटला म्हणे कधी दिसतच नाहीत. माझ्या खोलीतल्या सोबत्याला विचारतायत, "तो अजिबात न हललेला पेशंट इथेच राहतो का हो?"