कडी नसलेलं दार

ताई,

आईला सांग, जिन्यावरून पडले. तुला खरं सांगते.

कॉलेजातल्या प्रार्थनेच्या खोलीची कडी आम्ही स्वयंसेवकांनीच काढली होती. कुठल्याही धर्माचं कुणीही कधीही आत यावं म्हणून. शहाणेच आम्ही!

मंगळवारी दहा-बारा जण हॉकी स्टिक घेऊन आले. आत सहा जण डोळे मिटून बसलेले. मी आतून दाराच्या दोन्ही फळ्यांच्या हँडलांत हात अडकवला. बाहेरून लाथांवर लाथा. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, पण सहाही जण खिडकीतून निसटले.

माझ्या अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताचं आहे. बाळाला दात आले का?

आज सुतार नवी कडी घेऊन आला. मी त्याला आल्या पावली परत पाठवलं. पण हल्ली मी दाराला पाठ टेकूनच बसते.

आईसमोर हसत राहा.

तुझी हट्टी,
छोटी