पिचवर पाऊल नको

२ फेब्रुवारी, सकाळी ६
वर्ल्ड कपला अडतीस दिवस. परदेशी संघांच्या सरावासाठी आपल्या क्लबचं मैदान यादीत आलंय. मैदानाची देखभाल माझ्याकडे; तपासणीत ते पास झालं की मला पर्मनंट करतो, असं सेक्रेटरी स्वतःच्या तोंडाने म्हणाले. नापास झालं तर मैदानामागची ही खोली सोडायची आणि सासऱ्यांच्या लोखंडी सामानाच्या दुकानात खिळे मोजत बसायचं. तो प्रश्नच येत नाही. आजपासून पिचवर माझ्याखेरीज कोणाचं पाऊल नको. चारी बाजूंनी दोरी बांधली.

५ फेब्रुवारी
क्लबचे रोलरवाले काका इंजिनचा रोलर घेऊन हजर. दोरीपाशीच अडवलं. म्हणाले, पाणी दिल्यावर दाबलं नाही तर माती बसणार कशी. मी म्हटलं, कोवळ्या गवतावर एवढं धूड फिरवायला मन कसं होतं तुमचं. काका रोलर मागे वळवून चहाला गेले. जुनी माणसं.

८ फेब्रुवारी
गवत काय आलंय. डोळ्यांचं पारणं फिटलं. पाणी दिवसातून दोनदा द्यायचो, ते तीनदा केलं. हौसेने बायकोला दाखवायला नेलं. तिने जुडी कितीला विचारलं.

१३ फेब्रुवारी
पिचवर प्लास्टिकचं कव्हर टाकलं, कडेला विटा. आता थेट तपासणीच्या दिवशी काढायचं. सस्पेन्स हवा. पाणी बाजूने पाइप सरकवून देतो.

१८ फेब्रुवारी
कव्हरखालून वास येतोय. खताचा असणार. सासऱ्यांचा फोन आला, दुकानात माझ्यासाठी खुर्ची घेतलीय म्हणे. त्यांच्या कानावर कोणी घातलं, असं बायकोला विचारलं. ती कपाटातले कपडे बॅगेत भरत होती. म्हणाली, आवराआवर.

२१ फेब्रुवारी, दुपारी
परवा तपासणी. कव्हरचा कोपरा उचलला. गवत पिवळं, मधोमध कुत्र्याच्या छत्र्या. बोट टेकवलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. घाबरायचं कारण नाही. कव्हर परत टाकलं, कडेला चार विटा जास्त ठेवल्या.

संध्याकाळी
काकांच्या घरी गेलो. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हणाले, आता रोलर घातला तर आधी रोलर बाहेर काढावा लागेल.

२३ फेब्रुवारी
तपासणीचे साहेब आले. नाकाला रुमाल लावला आणि पिच किती कडक आहे ते बघायला गाडीची किल्ली टोचली. ती दिसेनाशी झाली. शोधायला वीस मिनिटं गेली, तीही काकांनाच सापडली. सराव रद्द. पण मैदान यादीतून गेलेलं नाही, इथे संघांच्या बस उभ्या राहणार. म्हणजे वर्ल्ड कपशी संबंध राहिलाच. पर्मनंटचं सेक्रेटरी काही बोलले नाहीत. गडबडीत विसरले असतील.

४ मार्च
पार्किंग हिरवं दिसावं म्हणून पाणी चालूच ठेवलंय. देवा, एवढं एक निभावून ने.

१२ मार्च, दुपारी ४
पहिली बस आली. पाहुण्यांना मानाची जागा द्यावी म्हणून मी शिट्टी वाजवत ती बरोबर पिचवर घेतली. मागची चाकं निम्मी आत. अख्खा परदेशी संघ खाली उतरून ढकलत होता. शेवटी काकांनी कडेच्या कोरड्या जमिनीवर रोलर लावला आणि साखळीने बस ओढून काढली. सेक्रेटरींनी काकांशी हात मिळवला. मग माझ्यापुढे हात केला. मीही मिळवायला गेलो, तर त्यांना खोलीची किल्ली हवी होती.

संध्याकाळी ७
बॅग भरलेलीच होती. रिक्षात रडू आलं. बायकोला म्हटलं, आता जन्मभर खिळे मोजायचे. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, खिळे मोजत नाहीत, वजनावर विकतात.