कपाटावरच्या बावीस बाटल्या

नागपूर,
रविवार, दुपारी

आदरणीय धम्मानंद भाऊजी यांना नागसेनचा सविनय जयभीम.

इकडे सारे बरे आहेत असं लिहायला पेन टेकवलं होतं, पण ते पूर्ण खरं नाही, म्हणून खोडलं. तुमचा गुडघा कसा आहे? पारशिवनीत कूलर लागले का? प्रेमिलाताईची तब्येत विचारत नाही. (का नाही, ते शेवटी येईल. मधली पानं सोडून शेवट वाचू नका, तुमची ती सवय मला माहीत आहे.)

गेल्या मंगळवारी सकाळी मी वंदना आटोपली आणि गुंजनच्या पाण्याच्या बाटलीत वाळ्याची एक काडी टाकली. आपण माठात टाकतो तोच वाळा. पाण्याला वास यावा म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. सहा वर्षांच्या पोरीच्या बाटलीत बापानं पुरावा टाकावा, अशी वेळ कशी आली ते सांगतो.

गुंजनची शाळा बाराला सुटते. मी बँकेत दफ्तरी, मिनल धरमपेठेत साड्यांच्या दुकानात. दोघांनाही घरी यायला सहा वाजतात. म्हणून जूनपासून पोरगी शाळेनंतरच्या एका क्लबात असते. (नाव लिहीत नाही. नावात पाखरं आहेत, एवढंच.) तुमच्या नंदिनीचा प्रशिकही तिथंच जातो, आणि कोणाच्या शब्दावर जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या.

मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अठरा लेकरं सतरंजीवर पडलेली, आणि आवाज फक्त पंख्याचा. मॅडम म्हणाल्या, ही आमची शांत वेळ. भाऊजी, मी तीस वर्षांपासून रोज दहा मिनिटं डोळे मिटून बसतो, आणि तिसऱ्या मिनिटाला मन गॅस बंद केला की नाही ते पाहायला जातं. मला भरून आलं. तेवढ्यात मॅडमनी अभिप्रायाची वही पुढं केली. विहाराचा फळा मी लिहितो, अक्षर बरं आहे, आणि कोणी पेन दिलं की मला नाही म्हणता येत नाही. मी लिहिलं: ‘येथील शांतता पाहून विहाराची आठवण झाली. लेकरं सुरक्षित हाती आहेत.’ तोवर माझं लेकरू तिथं एक तासही राहिलं नव्हतं. मॅडमनी ते पान चौकटीत घालून दाराशी टांगलं. नंदिनीनं ते वाचून प्रशिकला घातलं. आणखी दोघातिघांनी रस्त्यात थांबवून आभार मानले. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

दिवाळीनंतर आमचं घरही शांत झालं. गुंजन टीव्हीसमोर ओठांवर बोट ठेवून बसायची. संडासात जाण्याआधी करंगळी दाखवून मी मान हलवीपर्यंत उभी राहायची. मी मिनलला म्हटलं, शिस्त लागली. ती म्हणाली, “शिस्त नाही जी. भेली आहे पोरगी.” क्लबातून आली की उभ्या उभ्या तीन गिलास पाणी घटाघटा प्यायची. उन्हाचं होतं, असं मी म्हणालो. (जानेवारी होता.)

फेब्रुवारीत तिला लघवीला जळजळ सुरू झाली, ताप चढला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “पाणी पिते की नाही लेकरू?” तपासणी नंदिनीच्याच लॅबमध्ये केली. रिपोर्ट माझ्या हातात देताना तिनं ‘जंतुसंसर्ग’ या शब्दावर बोट ठेवलं. नंतर म्हणाली, “मामा, प्रशिकची पण करू काय?”

त्या दिवसापासून मी बाटली पाहू लागलो. रोज भरलेली जायची, रोज भरलेलीच यायची, आणि क्लबाच्या डायरीत ‘पाणी प्यायली’ समोर बरोबरची खूण. वाटलं, तिथं पुन्हा भरून देत असतील. म्हणून वाळा. मंगळवारी संध्याकाळी बाटली उघडली तर काडी तिथंच, पाणी गळ्यापर्यंत, फिक्क्या चहाच्या रंगाचं आणि घमघमणारं. एक घोटही कमी नाही. डायरीत खूण होतीच. गुंजनला विचारलं, तर तिनं आधी मागे वळून पाहिलं. आपल्याच घरात. मग म्हणाली, “पाणी पेलं तं शू लागते. शू लागली तं मॅडम चिडते. म्हणून बाटल्या कपाटावर राह्यते.”

बुधवारी मी जायला हवं होतं. गेलो नाही. गुंजनला शेजारणीकडे ठेवलं आणि मी बँकेत फायली बांधत बसलो. दाराशी माझंच पान टांगलेलं, तिथं काय तोंडानं भांडू? गुरुवारी मिनलनं काम बुडवलं, आणि मी पुन्हा विचारच केला. त्या दोन दिवसांत प्रशिक तिथंच होता. हे वाक्य मी खोडलेलं नाही.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून तीनला पोचलो. तीच शांतता. या वेळी मी लेकरांचे ओठ पाहिले. कपाटावर बावीस रंगीत बाटल्या रांगेत उभ्या. माझी उंची आयुष्यात पहिल्यांदा कामी आली. मी एकेक बाटली खाली काढू लागलो.

“काय करून राहिले जी तुम्ही? शांत वेळ आहे!”

“पाणी देऊन राहिलो, मॅडम.”

“एक बाथरूम आहे, एक आया आहे. सारे एकदम पेले तं कोण पाहीन?”

“मी पाहीन.”

आणि पाहिलं, भाऊजी. तीन ते पाच मी बाथरूमच्या दाराशी उभा होतो, बटणं सोडत आणि लावत. माझा उजवा बूट कामातून गेला. प्रशिकनं दोन बाटल्या रिकाम्या केल्या, त्यातली एक दुसऱ्याची. मग जो गोंगाट उसळला, तो ऐकून खालचा दुकानदार वर आला आणि विचारू लागला, इथं लहान मुलांचं काही नवीन सुरू झालं काय. तो तिथं दोन वर्षांपासून आहे.

ताईच्या लग्नानंतर मी सुट्टीत तुमच्याकडे यायचो, तेव्हा तुमच्या वर्गाचा गलका शाळेबाहेर ऐकू यायचा. मला वाटायचं, भाऊजींना वर्ग आवरता येत नाही. ते मत आज मागे घेतो.

पाचनंतर आलेल्या प्रत्येक आईबापाला सांगितलं आणि माफी मागितली. एकजण म्हणाला, “तुमचं वाचूनच टाकलं होतं.” चौकट खिळ्यावरून काढली. वहीत त्याच अक्षरात लिहिलं: ‘माझा मागचा अभिप्राय चुकीचा होता. येथील शांतता तहानेची आहे.’ ठाण्यात लेखी तक्रारही दिली, पोच घेतली. नंदिनीला फोन करून दोन्ही लेकरांची नावं काढली. ते जुनं पान सोबत पाठवतो आहे. तुम्ही लाल पेनानं तपासलेलं मला पाहायचं आहे.

तुमचा,
नागसेन

ता. क. : प्रशिकचा रिपोर्ट चांगला आला. नंदिनी मला अजून मामा म्हणते, पण हळू आवाजात.

ता. क. २ : आता बारा ते सहा लेकरांजवळ असं माणूस हवं, जे स्वतः सतत बोलेल आणि त्यांनाही बोलू देईल. असं माणूस आपल्या नात्यात एकच आहे.

ता. क. ३ : ताई इकडे दोन दिवसांसाठी आलेली नाही. (दोन दिवसांसाठी कोणी लोखंडी पेटी नेत नाही, हे तुमच्या काल बसस्टँडवर लक्षात यायला हवं होतं.) शुक्रवारी संध्याकाळी मीच तिला बोलावलं, दिवाळीपर्यंत. तुम्हाला पत्रानं कळव असं ती म्हणाली, कारण पत्रावर ओरडता येत नाही. तिकडे तुमच्या डाळीच्या डब्यात तिनं चिठ्ठी ठेवली आहे: कुकरच्या तीन शिट्ट्या, मग गॅस बंद.