मेंदी ओली हाय

माय, तू मला मेंदी लावायचीस ती रंगासाठी नव्हतीच. हे मला फार उशिरा कळलं असं लिहिलं तर खोटं होईल. मला ते पहिल्याच वर्षी कळलं होतं, फक्त आपण दोघींनीही ते कधी तोंडातून काढलं नाही. तू गेल्याला आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज मला मुद्दाम आठवावा लागतो, पण पाट्यावर मेंदीचा पाला वाटतानाचा वरवंट्याचा आवाज मात्र न बोलावता येतो. सौंसरच्या आपल्या स्वयंपाकघरात दुपार कलंडलेली असते, चूल थंड असते, बाबा शाळेतून यायचे असतात, आणि तू रामाकोन्याच्या मावशीकडून आलेला पाला वाटत बसलेली असतेस. त्यात थोडा काथ घालतेस, लिंबू पिळतेस आणि माझ्याकडे न बघता म्हणतेस, बस समोर. मी बसते. तू माझे हात मांडीवर घेतेस आणि तळव्याला लावायच्या आधी वरच्या बाजूला लावतेस. बाकीच्या मुलींच्या आया तळव्यावर चंद्र काढायच्या, बोटांना टोप्या घालायच्या. तू मात्र भिंत सारवावी तशी मनगटाच्या अलीकडपर्यंत सगळीकडे सारवून टाकायचीस.

भुलाबाई बसायची भादव्याच्या पुनवेला आणि उठायची कोजागिरीला. महिनाभर रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली घरोघरी जमायच्या, मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे गाणी म्हणायच्या, टिपऱ्या खेळायच्या, डब्यात झाकलेली खिरापत ओळखायच्या, आणि ते सगळं आटोपलं की अंगण मोकळं व्हायचं ते फुगडीसाठी. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी एवढीशी होते. मोठ्या मुलींनी त्या भुलाबाईत मला उचलून गरगर फिरवलं, मला आता कुणी फिरवायचं यावरून त्यांच्यात भांडणं झाली, आणि तू भिंतीशी बसून हसत होतीस. मला तो प्रसंग खरंच आठवतो की तू सांगून सांगून तो माझा झाला, देव जाणे. पण तुझं हसणं आठवतं. तेव्हा माझे हात सगळ्यांच्या हातांसारखेच होते.

डाग आले त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. आधी उजव्या हाताच्या मागच्या बाजूला चिंचोक्याएवढा, मग डाव्यावर, मग बोटांच्या पेरांवर. वैद्यांनी बावचीचं तेल दिलं. तू मला ते लावून कोवळ्या उन्हात बसवायचीस आणि स्वतःही शेजारी बसायचीस, गहू निवडत. आंबट बंद, दही बंद, मग कुणीतरी सांगितलं म्हणून वांगीही बंद. कोड काही हटलं नाही, वांग्यांवरचं माझं मन मात्र कायमचं उडालं. एक गोष्ट मी तुझ्या बाजूने लिहून ठेवते: तू मला हात लावायला कधी बिचकली नाहीस. न्हाऊ घालताना, वेणी घालताना, तापात कपाळ दाबताना तुझे हात जसे आधी होते तसेच राहिले. घरात मला डाग नव्हतेच म्हण ना.

ते होते अंगणात. फुगडी म्हणजे तोंडाने गाण्याची गोष्ट नव्हे; समोरचीच्या पायाला पाय लावायचा, हातांची कैची करून तिचे हात घट्ट धरायचे आणि अंग मागे झोकून द्यायचं. आपलं निम्मं वजन तिच्या बोटांवर असतं. त्यामुळे हात कुणाचे धरायचे याला मोल होतं. आपल्या गावची रीत अशी की हात मागितला तर कुणी नाही म्हणायचं नाही. भुलाबाईपुढे नाही म्हटलं तर बरं नसतं म्हणे. मग ज्यांना नको असेल त्या म्हणायच्या, "माही मेंदी ओली हाय." एवढं म्हटलं की मागणारीने समजून दुसरीकडे वळायचं. सगळ्या मुलींना हे आईच्या पोटातून ठाऊक असल्यासारखं होतं. मास्तरांची पोर असून मलाच तेवढं ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी मी वाण्यांच्या मुलीला हात मागितला. ती माझ्या वर्गातली, पाटीवर माझीच गणितं उतरवणारी. ती म्हणाली, मेंदी ओली हाय. मी बरं म्हटलं आणि तिच्या शेजारी बसले, वाळायची वाट बघत. फुगड्यांमागून फुगड्या झाल्या. मध्येच मी विचारलं, वाळली काय. ती म्हणाली, नाही. तेव्हा मी तिचा हात माझ्या तोंडाशी ओढला आणि लवकर वाळावी म्हणून त्यावर फुंकर घालू लागले. तिचा तळवा कोरडा ठणठणीत होता, आदल्या दिवशीची मेंदी धुऊन लाल झालेला. तो मला दिसत होता, आणि तरीही मी फुंकर घालत होते, कारण ती ओली आहे म्हणाली होती. आधी एक मुलगी हसली, मग सगळ्या. वाण्यांच्या मुलीने हात हिसकून घेतला आणि परकराला पुसला. मला त्या हसण्याचं इतकं काही वाटलं नाही. परकराला पुसल्याचं वाटलं, ते आजही वाटतं. तू भिंतीशी बायकांमध्ये बसली होतीस. बोलत होतीस ते बोलणं अर्ध्यावर थांबवलंस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तू पहिल्यांदा पाटा काढलास. मला सारवून झाल्यावर म्हणालीस, "कोनी हात मांगला त सांगजो, माही मेंदी ओली हाय." मी विचारलं, आणि कुणी मागितलाच नाही तर? तू म्हणालीस, "त काय झालं? ओली त हायेच न."

तेव्हापासून दर वर्षी, महिनाभर, निघायच्या जरा आधी. बाकी मुलींची मेंदी रात्रीच्या रात्री वाळून सकाळी धुतली जायची, माझी तेवढी रोज संध्याकाळी ताजी. मी दोन्ही हात पुढे धरून अंगणाच्या कडेला बसायचे आणि मान ताठ ठेवायचे, जणू मीच सगळ्यांना नाही म्हणून राहिले आहे. त्यात एक ऐट होती, माय, ती मी नाकारत नाही. तू मला जागा करून दिली होतीस. मुली मला मेंदीवाली म्हणायच्या, आणि ते ऐकायला कोडवालीपेक्षा शंभर पटीने बरं होतं. त्या बसण्याची मला इतकी सवय झाली की फुगडी मला खेळायची आहे हे मीच विसरत चालले होते. मी गाणी सगळ्यांत मोठ्याने म्हणायचे. टिपऱ्यांचा ताल कुणाचा चुकला ते बसल्या जागेवरून सांगायचे. पुढे माझी मास्तरकी तिथेच सुरू झाली असावी.

मग ते प्रांत तुटायचं वर्ष आलं. गावात दुसरा विषय नव्हता. नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि आपण भोपाळकडे, म्हणजे ज्या गावाला बांगड्या भरायला, डोळे दाखवायला, लग्नाचा बस्ता बांधायला जायचं ते आता दुसऱ्या राज्यात. बायका विचारायच्या, आता नागपूर परमुलूख होनार काय. बाबा हसून म्हणायचे, रस्ता काही कोणी उचलून नेत नाही. पण तहसील कचेरीतल्या माणसांच्या घरी पेट्या भरल्या जात होत्या. त्यांतल्याच एका बाबूंची मुलगी त्या भुलाबाईत आपल्या गल्लीत यायला लागली. नागपूरची, माझ्याच वयाची, उंच, पुढचे दोन दात थोडे वर आलेले, त्यामुळे गप्प असली तरी हसरी दिसायची. दिवाळीच्या आत ते जाणार हे सगळ्यांना माहीत होतं.

कोजागिरीला भुलाबाईचा शेवटचा दिवस. वाण्यांच्या अंगणात दूध आटत ठेवलं होतं, आणि चंद्र नुकताच त्यांच्या गोठ्यावर आला होता. ती नागपूरची माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि हात पुढे केले. एवढ्या वर्षांत ते वाक्य म्हणायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. मी म्हटलं, माझी मेंदी ओली आहे. ती म्हणाली, "ओली आहे त राहू दे न. मनगट धर."

रीत तिला ठाऊक नव्हती, की ठाऊक असून तिने मानली नाही, हे मला सांगता येणार नाही. तिने सरळ माझी मनगटं धरली. तू मेंदी मनगटाच्या अलीकडे थांबवायचीस, आणि त्या वर्षी डाग पलीकडे सरकले होते. तिच्या बोटांखाली सगळी पांढरी कातडी होती. तिने बघितलं, आणि पकड घट्ट केली. मी फिरते आहे. माय, मी फिरते आहे आणि तोंडाने फू-फू करते आहे, आणि माझं अंग मागे पडलं आहे तरी पडत नाही, कारण पलीकडून कुणीतरी ओढून धरलं आहे. गोठा येतो, दुधाचं पातेलं येतं, भिंत येते, भिंतीशी तू. पुन्हा गोठा, पातेलं, तू. पहिल्या फेऱ्यांत तुझं तोंड उघडं राहिलं होतं. मग ते मिटलं. मग तू उभी होतीस. आणि मग तू अंगणाच्या मधोमध होतीस आणि तुझा हात माझ्या दंडावर होता.

"पुरे," तू म्हणालीस.

आम्ही धडपडत थांबलो. ती मुलगी हसत होती, तिच्या बाह्यांना माझी मेंदी लागली होती. मी रडले नाही. मला इतका आनंद झाला होता की राग यायला वेळ लागला. दूध न पिताच तू मला घेऊन निघालीस. वाटेत मी तुला विचारलं, मी काय केलं. आपलं दार दिसायला लागल्यावर तू बोललीस.

"ते पोरगी चालली नागपूरले. तुले इथंच राह्याचं हाय."

एवढंच. मी हे वाक्य आयुष्यभर उलटंपालटं करून पाहिलं. कधी त्यातून माया निघते: एकदा चव लागली तर पोर उद्या पुन्हा हात पुढे करील, आणि उद्या ती नागपूरची नसेल, हे तुला दिसलं. कधी त्यातून लाज निघते: उघडी पांढरी मनगटं सगळ्या गावासमोर चांदण्यात गरगरत होती, आणि ती झाकायची मेहनत तुझी होती. तुझं तोंड मी फिरता फिरता पाहिलं, म्हणून ते मला धड दिसलंच नाही. त्यावर काय होतं हे मला समजलं असतं, तर मी तुला माफ तरी केलं असतं किंवा तुझ्याशी कडाडून भांडले तरी असते. दोन्ही राहिलं. ती लोकं गेली, प्रांत तुटला, मी पुढे शिकले, पांढुर्ण्याच्या शाळेत लागले आणि बाबांच्या मागे तुला तिथे घेऊन आले. लग्नाचं तू दोन ठिकाणी पाहिलंस. दोन्हीकडून कुणी सरळ नाही म्हटलं नाही. आपल्याकडे म्हणतच नाहीत.

डाग पसरत गेले, आणि पसरता पसरता एक मजा झाली. सगळंच अंग पांढरं झालं, मूळ रंगाचा ठिपका उरला नाही. नवीन माणसं मला जन्माची गोरी समजायला लागली. तुझ्या शेवटच्या दिवसांत तुला मोतीबिंदूमुळे धड दिसत नव्हतं. मी तुला पेज भरवत होते, तर तू माझा हात धरून डोळ्यांशी नेलास, बोट फिरवत राहिलीस, आणि म्हणालीस, "डाग गेले न तुये. कधी गेले वो?"

मी म्हटलं, "कधीचेच गेले, माय."

तू इतकी सुखावलीस की पेज तशीच राहिली. त्या क्षणी मी विचारू शकले असते, त्या कोजागिरीला तू मला का थांबवलंस. ओठांवर आलं होतं. पण डाग गेलेल्या मुलीने तो प्रश्न विचारून काय उपयोग. त्या आठवड्यातच तू गेलीस.

हे सगळं कुठे पाठवायचं नाही, म्हणून कालचंही लिहून टाकते. इथल्या महिला मंडळाची कोजागिरी आता मंगल कार्यालयात असते, माईक असतो, हिंदी गाणी लागतात, मध्ये अर्धा तास फुगडीला ठेवतात. मी खुर्चीवर बसून होते. बोरगावची एक नवी सून आहे आमच्या शेजारी, ती आली आणि म्हणाली, मॅडम, चला न, हळूहळूच फिरू. माझे हात तिने विचारायच्या आत धरले होते. गोरे, सुरकुतलेले, म्हाताऱ्या बाईचे हात. त्यांत घाबरण्यासारखं तिला काहीच दिसलं नाही. गुडघे कुरकुरले, पण मी फिरले. बायका टाळ्या वाजवत होत्या. थांबल्यावर तिने विचारलं, तुम्ही डोळे काहून मिटून घेतले होते. मी म्हटलं, चक्कर येते.

चक्कर डोळे मिटल्यावरच जास्त येते, हे तिला अजून ठाऊक नसावं. माय, खरं सांगते, भिंतीकडच्या खुर्च्यांच्या रांगेत तू दिसशील याची मला भीती वाटली.