अक्काचा चेहरा उजळणार नाही

नेरूळ, मंगळवार

चि. आकाश यास मधुकरमामाचा सप्रेम जय भीम.

तुझी पुण्याची नोकरी आणि बाहेरच्या डब्यावर तगलेली प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो. इकडे सगळे ठणठणीत. फक्त खारघरच्या फोटोग्राफी मंडळात मला गप्प बसायला सांगितलं. मला! चाळीस वर्षं माइक (बंद पडला तरी) न सोडणाऱ्या माणसाला!

मंडळाचा नियम असा, की ज्याच्या फोटोवर चर्चा चालू आहे त्याने सगळ्यांची मतं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. यंदाच्या प्रदर्शनाला कृष्णधवल मॉडेल फोटो हवे होते. बाकीच्यांनी भाड्याने मॉडेल आणल्या. मी आपल्या अक्काला, तुझ्या आईला, कळंबोलीच्या लोखंड बाजारात तिच्या खानावळीच्या दारात उभं केलं. लोखंडी पत्र्यांच्या थप्पीवर हात, नजर सरळ. पंचवीस वर्षं ट्रकवाल्यांना भाकऱ्या घालणारी बाई कशी उभी राहते ते लोकांनी बघावं. तर उत्कर्षा नावाची मुलगी म्हणाली, “काका, फोटो कडक आहे, पण फेस थोडा लाइट करा ना.” अध्यक्ष हौसेराव म्हणाले, “उजळा, नाहीतर प्रदर्शनात लावणं अवघड आहे.”

मी नियम मोडला. बावीस मिनिटं बोललो (चहा निवला, दोघे उठून गेले). माणसाचा रंग ही दुरुस्त करायची चूक नव्हे, हे ठणकावलं. हौसेरावांना सांगितलं, तुमच्या मॉडेलचा चेहरा इतका पांढरा झालाय की नाक हरवल्याची पोलिसांत तक्रार द्यावी लागेल. ते तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. (त्यांना अभिप्राय देता येतो, घेता येत नाही. मीही घेत नाही, पण माझं ते तत्त्व आहे.) शेवटी उत्कर्षाच म्हणाली, “सर, काका बरोबर बोलतायत, फक्त लांब बोलतायत.” माझ्या बाजूने हात वर झाले. रविवारी फोटो लागणार, आहे तसा!

तुझा न झुकलेला,
मधुकरमामा

ता. क. : संमतीपत्रावर मॉडेलची सही लागते. अक्काने फोटो निरखला. “तोंड हाय तसं ठेवलंस, बरं केलंस. पन मदू, आकाशनं पहिल्या पगारात घेतलेली पोपटी साडी मी मुद्दाम नेसले, ती राखेवानी का दिसते?” मी कृष्णधवल कलेचं महत्त्व सांगू लागलो. “गप बस,” म्हणाली. बसलो. पोपटी साडीतला फोटो घरात लागेपर्यंत ती सही करणार नाही.

आणखी एक : कॅमेरा मी तत्त्व म्हणून आधीच कृष्णधवलवर लावला होता, त्यामुळे रंग कुठेच उरलेला नाही. तो नेमका पोपटी तुलाच ठाऊक. सोबत फोटो पाठवतोय. कॉम्प्युटरवर तेवढी साडी रंगवून शुक्रवारपर्यंत धाड. हौसेरावांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. आणि चेहऱ्याला हात लावलास, तर मी पुण्याला येऊन बोलेन.