मुद्देमालातली घागर

माय, आज नळाचा दिवस आहे. दुपारी कधीतरी येईल म्हणून ड्रम उघडे करून, पाइप जोडून ओट्याजवळ बसले आहे, आणि बसल्या बसल्या तुला लिहावंसं वाटलं. तू गेलीस तेव्हा आपण पत्त्यावर औरंगाबाद लिहायचो, आता छत्रपती संभाजीनगर लिहितो. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, समोरच्यांनी घरावर दोन मजले चढवले. पाणी मात्र तुझ्या वेळचंच राहिलंय, आठवड्यातून एकदा आणि त्याच्या मर्जीनं. तू असतीस तर एव्हाना निम्मी गल्ली गोळा करून पालिकेत पोचली असतीस. मी मात्र कामाच्या दिवशी, भर दुपारी घरात बसले आहे, आणि ते का, तेच तुला सांगायचं आहे.

माझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन पुढे चालू ठेवायला परिषदेनं नकार दिलाय. तू गेलीस तेव्हा मी साधी स्टाफ नर्स होते, आता नवजात बाळांच्या विभागाची इन्चार्ज सिस्टर आहे. नव्हे, मागच्या महिन्यापर्यंत होते. आमचं रजिस्ट्रेशन दर काही वर्षांनी नव्यानं करून घ्यावं लागतं. आजवर ते बिनबोभाट व्हायचं. या वेळी त्यांनी पोलिसांचा दाखला मागितला, आणि कोर्टाचे जुने निकाल आता कॉम्प्युटरवर चढवलेत, त्यात माझं नाव निघालं. रस्ता अडवणे, आणि पालिकेच्या कचेरीत घुसून मडकी फोडणे. दोन्ही गुन्हे कबूल, दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. इकडे मी फॉर्मवर ‘गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय’ याच्यापुढे दर वेळेसारखं ‘नाही’ लिहून मोकळी झालेली. ‘शिक्षा झाल्याची माहिती दडवली, सबब नूतनीकरण नामंजूर.’ हे वाचून आधी मला हसूच आलं. मग आमच्या मेट्रननं बोलावून सांगितलं, ‘सिस्टर, रजिस्ट्रेशन नाही तर मला तुमची ड्युटी लावता येत नाही,’ तेव्हा हसू गेलं. त्या दिवशी माझ्याकडे लासूर स्टेशनकडच्या बाईचं एक बाळ होतं, दिवस भरायच्या आधीच आलेलं. नळीनं दूध देत होते. ते आता तोंडानं पितं की नाही, हे मला कुणी सांगत नाही आणि मीही विचारत नाही.

दडवली म्हणे! अगं, जी गोष्ट गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती ती मी दडवणार कुठे? त्या दिवशी आम्ही कोर्टातून परत आलो तर गुलाल उधळला होता लोकांनी. दुसऱ्या दिवशी टँकर आला. पुढे कित्येक वर्षं कुणाच्याही घरी पाहुणा आला की ती गोष्ट निघायची आणि प्रत्येक बाई आपण किती मडकी फोडली ते वाढवून सांगायची. सायबर कॅफेतल्या पोरानं फॉर्म भरताना विचारलं, ‘काकू, गुन्हा-बिन्हा?’ तर आम्ही दोघंही हसलो होतो. मला कुणी असं विचारलं असतं की बाई, तू पाण्यापायी कधी मडकी फोडलीस का, तर मी हो लिहिलं असतं, आणि रकाना पुरला नसता तर मागच्या पानावर लिहिलं असतं.

तो उन्हाळा तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. तुझी खानावळ जोरात चालली होती, पाचोडची, फुलंब्रीची शिकायला आलेली पोरं दोन्ही वेळ जेवायला यायची आणि नळ कोरडा ठाक पडला होता. खरकट्या ताटांचा ढीग मोरीत तसाच. तू राखेनं ताटं पुसून काढायचीस आणि पुसता पुसता पालिकेचा उद्धार करायचीस. एका सकाळी तू परात बाजूला सरकवलीस, म्हणालीस, ‘चला गं, इंजिनेराला इचारू, तो कशानं आंघूळ करतो ते,’ आणि गल्लीतल्या सगळ्या बायका मातीची मडकी घेऊन निघाल्या. तू तेवढी तुझी पितळी घागर घेतलीस, फोडायला नाही, उलथन्यानं बडवायला. तासभर रस्ता अडवला. मग कचेरीत जाऊन साहेबाच्या टेबलापुढे एकेक मडकं आपटलं. मी दोन फोडली. आवाज मोठा छान आला होता. साहेब खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता, ते आठवलं की अजून मला बरं वाटतं.

आणि मग ते कोर्ट. छताचा पंखा फिरतोय पण वारा लागत नाही. आपण सगळ्या भिंतीला टेकून उभ्या आहोत. आपला फुकट आलेला वकील हळूच सांगतोय, ‘बायांनो, विचारलं की कबूल म्हणा. दंड भरून टाकू, कोर्ट उठलं की घरी.’ एकेक बाई पुढे होते, कबूल म्हणते, मागे सरकते. तुझी पाळी येते. तू पदर खोचून विचारतेस, ‘पाणी मागितलं सायेब. त्येला गुन्हा म्हणत्यात व्हय?’ न्यायाधीश म्हणतात, ‘बाई, हो की नाही, एवढंच सांगा.’ तू म्हणतेस, ‘नाय. कबूल नाय.’ वकील कपाळाला हात लावतो. तुझ्यानंतर माझं नाव पुकारतात. मी तुझ्याकडे न बघता म्हणते, ‘कबूल.’

आम्ही बाकी सगळ्या कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसलो, शेंगा खाल्ल्या आणि घरी आलो. तू जातमुचलक्यावर अंगठा द्यायलाही नाही म्हणालीस, म्हणून तुला हर्सूलच्या तुरुंगात नेलं. शिपाईण तुला दारातून नेत होती तेव्हा तू वळून बघितलंस. मला वाटलं मला बघतेयस, मी हात वर केला. तू ओरडलीस, ‘माझी घागर कुठंय? नीट ठिवा म्हणावं!’ ती पोलिसांनी जप्त केली होती, मुद्देमाल म्हणून.

त्या आठवड्यात खानावळ मी चालवली. पहाटे उठून पोळ्या लाटायच्या, मग कॉलेज. पोळ्या कडेला जळायच्या आणि मधे कच्च्या राहायच्या. पोरं मुकाट खायची. शेवटी पाचोडचा एक पोरगा म्हणाला, ‘ताई, पोळीचं काय नाय, पर मावशी कवा येत्यात?’ पुढे वकिलानं काय खटपट केली मला ठाऊक नाही, पण तुला सोडलं. घरात आल्यावर तू आधी ड्रमांची झाकणं उघडून बघितलीस, मग चुलीपाशी बसून माझी एक जळकी पोळी चटणीबरोबर खाल्लीस, आणि माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस. ना त्या दिवशी, ना पुढचे कितीतरी दिवस.

बोललीस ती कणीक मळताना. माझ्याकडे न बघताच. ‘कबूल का म्हणलीस?’ माझं उत्तर तयारच होतं. परीक्षा तोंडावर आली होती, कॉलेजातून काढलं असतं, खानावळ कुणी बघितली असती. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, ‘ते समदं नंतर सुचलेलं. तवा काय वाटलं ते सांग.’ मग म्हटलं, भीती वाटली. तू परात सोडून माझ्यासमोर येऊन बसलीस, कणकेच्या हातांनी. ‘मंग भीती वाटली म्हण की. त्यात लाज कशाची? मला बी वाटली. हर्सूलच्या दारात पाय लटलट कापले माझे. भीती वाटली म्हण, भूक लागली म्हण, मडकी फोडली व्हय म्हण. पर गुन्हा कबूल नको म्हणू, बाई. आपुन गुन्हा केला नाय.’ एवढं बोलून तू उठलीस आणि मला पोळ्या लाटायला बसवलंस, कारण माझ्या पोळ्यांबद्दलही तुला बरंच काही म्हणायचं होतं.

गंमत बघ ना. तुझ्या खटल्याला तारखांवर तारखा पडल्या, तो इंजिनिअर बदलून गेला आणि साक्षीला कधी आलाच नाही. तू निर्दोष सुटलीस. वकिलाचं ऐकलं त्या आम्ही सगळ्या सरकारदरबारी गुन्हेगार, आणि तू तेवढी कोरी. घागर सोडवून आणलीस तेव्हा तिच्या गळ्याला सुतळीनं बांधलेली पोलिसांची चिठ्ठी होती, लाखेच्या ठिपक्यासकट. तू ती काढू दिली नाहीस. माझ्या लग्नात लोकांनी स्टीलचे डबे दिले, तू मुद्देमालातली घागर दिलीस, चिठ्ठीसकट, आणि माझ्या सासूबाईंना ऐटीत सांगितलंस, ‘कोर्टातून सुटून आल्याली हाय, जपून वापरा.’ चिठ्ठी केव्हाच झिजून गेली. सुतळी अजून आहे. आत्ता माझ्यासमोरच आहे घागर.

थांब, नळ आला.

भरलं सगळं. आज धार बरी होती. घागर सगळ्यात आधी भरली, तुझ्या पद्धतीनं.

तर सुनावणी. ती मागच्या आठवड्यात झाली, इथल्याच कचेरीत. समोर तिघं होते. त्यातल्या एक बाई नर्सिंग शिकवून निवृत्त झालेल्या, पांढरा अंबाडा, शांत आवाज. चांगल्या होत्या, त्यांच्यावर माझा राग नाही. त्या म्हणाल्या, ‘सिस्टर, तुमचं काम आम्हाला माहीत आहे. तुम्हाला घरी बसवायची आम्हाला हौस नाही. या कागदावर सही करा, ताकीद देऊन आम्ही हे प्रकरण मिटवू.’ कागद टाइप केलेला तयार होता. मी जाणूनबुजून माहिती दडवली, माझा गुन्हा मला कबूल आहे, मला पश्चात्ताप होत आहे. मी तो वाचला आणि तिथे बसल्या बसल्या मला त्या कोर्टातला पंखा दिसला. म्हटलं, ‘मॅडम, शिक्षा झाली होती, हे मी आत्ता लिहून देते. फॉर्मवर नाही लिहिलं, तेही लिहून देते. पण मी दडवलं नाही. माझ्या घरात त्याला कुणी कधी गुन्हा म्हणालंच नाही.’ शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘घरातलं सोडा हो, कायदा काय म्हणतो?’ मी म्हटलं, ‘कायद्यानं मला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं, साहेब. बसले. माझं देणं तेव्हाच फिटलं.’ बाई म्हणाल्या, ‘आठ दिवस घ्या. शांतपणे विचार करा. एका ओळीसाठी एवढी वर्षं पाण्यात घालू नका.’

घरी सगळ्यांनी तेच सांगितलं. तुझा जावई वाळूजच्या कंपनीतून येतो, जेवतो आणि म्हणतो, तुझं तू ठरव. असं म्हणणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं ते मला कळतं. तुझी नात फार्मसीला आहे, तेव्हा मी होते तेवढीच. ती म्हणाली, ‘मम्मी, एक सही तर आहे. तुला कुठे खरंच वाटायला पाहिजे?’ मला तिचा राग आला, आणि मग आठवलं की वकिलानं आपल्याला अगदी हेच सांगितलं होतं, आणि मी ऐकलं होतं. एकदा ऐकलं तेवढं बास. आज इतक्या वर्षांनी मला पुन्हा तोच शब्द म्हणायला सांगतायत, आणि या वेळी मी विशीची पोर नाही. शेकडो बाळं या हातांनी जगवलीत मी. त्यांनी मला बडतर्फ करावं, पेपरात नाव द्यावं, जे करायचं ते करावं.

आज सकाळी तो कागद परत दिला. खिडकीतल्या क्लार्कनं उलटून बघितला आणि म्हणाला, ‘मॅडम, सही राहिली तुमची.’ म्हटलं, ‘राहिली नाही. केली नाही.’ सोबत माझं स्वतःचं पत्र जोडलं, हातानं लिहिलेलं, त्यावर सही आहे. शिक्षा झाली होती. पाण्यासाठी रस्ता अडवला होता, दोन मडकी फोडली होती. त्याची मला लाज वाटत नाही, म्हणून पश्चात्ताप लिहिता येत नाही. त्यानं शिक्का मारून पोच दिली. जिना उतरताना मला तुझी फार आठवण आली, आणि तू बघायला हवी होतीस असं वाटलं. या वेळी तू माझ्याकडेच बघितलं असतंस, घागरीकडे नाही.

निकाल कधी लागेल ठाऊक नाही, आणि तो कसा लागेल याचा अंदाज बांधायला फार अक्कल लागत नाही. घरी आल्यावर लेकीनं विचारलं, ‘आता पुढे काय? तुला भीती नाही वाटत?’ मी ड्रमाची झाकणं काढत होते. मोठ्या तोऱ्यात म्हटलं, ‘भीती कशाची? तुझ्या आजीची पोर आहे मी.’ तिनं माझ्या गालाचा मुका घेतला आणि ती कॉलेजला गेली.

ती गेल्यापासून मी ओट्याला धरून बसले आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, म्हणून तुझ्यापुरतं सांगते. तूच म्हणाली होतीस, त्यात लाज कशाची म्हणून. माय, कबूल म्हणाले नाही बघ. पण लई भीती वाटती गं.